दारावरचा फणस

मुलाचं नाक सकाळपासून स्वच्छ आहे की आत्ताच पुसलंय, हे मला दारातूनच ओळखता येतं. आत्ताच पुसलेलं नाक लाल असतं आणि त्याचा मालक माझ्याकडे रागाने बघत असतो. ही बाई आली म्हणूनच आपलं नाक ओढलं गेलं, हे त्याला बरोबर कळलेलं असतं. पंचवीस-सव्वीस वर्षं अंगणवाड्या तपासण्यात घालवल्यावर असल्या विद्या आपोआप येतात. निवृत्तीनंतर त्यांचा उपयोग मात्र शून्य. परवा नातवाला मी दारातच विचारलं, "आत्ता कुणी पुसलं रे नाक?" तर सून आतून म्हणाली, "आई, तुम्ही आता घरी आहात."

माझ्या पदाचं नाव पर्यवेक्षिका. गावात कुठे मॅडम, कुठे सुपरवायझर बाई आणि मी पाठ फिरवल्यावर आणखी काय काय, ते मला ठाऊक आहे पण दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. पंचवीसेक अंगणवाड्या एकीच्या वाट्याला येतात. प्रत्येकीत एक सेविका, एक मदतनीस आणि तीन ते सहा वर्षांची मुलं. आपण तिथे न सांगता जायचं, बघायचं आणि शेरेबुकात शेरा लिहायचा. लोकांना वाटतं आम्ही रजिस्टरं तपासतो. तीही तपासतो, पण नंतर. आधी मी तीन गोष्टी बघायची. पाण्याच्या पिंपावर झाकण आहे का, दाराची कडी मुलाच्या हाताला पोचते का आणि चुलीवरून उतरवलेलं पातेलं मुलांच्या वाटेत ठेवलंय का. त्यानंतर खिचडी. ती चमच्याने चाखायची नाही, हा माझा नियम. चमचाभर कुठलीही खिचडी बरी लागते. मी मुलांच्या पंगतीत मांडी घालून अख्खी ताटली खायची. खडा असला तर तो तिसऱ्या घासाला दाताखाली येतोच.

न सांगता जायचं असं म्हणाले खरं, पण आमच्या येण्याची बातमी आमच्या आधी पोचते. जीपमध्ये बसलं की ड्रायव्हरच फोन काढतो. "मॅडम बसल्यात," एवढं बोलून ठेवून देतो आणि आरशातून माझ्याकडे बघून हसतो. मग मी पोचते तेव्हा नव्या सतरंज्या अंथरलेल्या, खेळणी मांडलेली आणि सगळी नाकं लाल. यावर मी छत्रीचा उपाय शोधला. तपासणी आटोपली की छत्री कोपऱ्यात विसरायची आणि अर्ध्या तासाने ती न्यायला परत जायचं. तोवर सतरंज्या कपाटात गेलेल्या असतात आणि खरी अंगणवाडी सुरू झालेली असते. दोन-तीन वर्षं हे छान चाललं. पुढे मी निघाले की सेविकाच छत्री हातात आणून द्यायला लागल्या, "मॅडम, राहील हं." माझी छत्री तालुक्यात माझ्यापेक्षा प्रसिद्ध झाली.

एकदा एका समितीबरोबर शहरातली एक खाजगी बालवाडी बघायला गेले होते. गार हवेची खोली, भिंतीभर हत्ती-जिराफ, कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे. संचालक मोठ्या अभिमानाने म्हणाले, "मॅडम, इथे सगळं कॅमेऱ्यात दिसतं." मी म्हटलं, फिनेल कुठे ठेवता? ते बेसिनखाली होतं, थंड पेयाच्या बाटलीत, तीन वर्षांच्या मुलाचा हात जाईल त्याच उंचीवर. मी बाटली उचलून त्यांच्यासमोर धरली आणि म्हटलं, "मूल हे पिईल तेसुद्धा कॅमेऱ्यात छान दिसेल." त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. असे प्रसंग सांगायला मला फार आवडतं, कारण त्यांत मी हुशार ठरते. पण संपादकांनी अनुभव मागितला आहे, म्हणून जिथे मी सपशेल आपटले तो लिहिते.

मी मूळची कोपरगावची. शेती म्हणजे ऊस, पाणी म्हणजे पाट आणि पावसाळा म्हणजे छत्री, एवढंच माझं ज्ञान. नोकरीची बरीच वर्षं त्याच सपाट भागात गेली. नंतर बदली झाली अकोले तालुक्यात, राजूरच्या वरच्या अंगाला. डोंगर, भाताची खाचरं आणि वाड्या-वस्त्यांच्या अंगणवाड्या. त्यातल्या एका वाडीची ही गोष्ट. नाव मुद्दाम लिहीत नाही, वरची वाडी म्हणू या.

वरच्या वाडीची सेविका हौसाबाई. ठेंगणी, काळीसावळी, बोलायला चटकन आणि हसायला त्याहून चटकन. उन्हाळ्यात मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिची अंगणवाडी नमुनेदार होती. पिंपावर झाकण, कडी उंचावर, खिचडीत खडा नाही. नाकंसुद्धा लाल नव्हती. मी शेरेबुकात चांगला शेरा लिहिला आणि छत्री न विसरता परत आले.

जुलैमध्ये परत गेले. फाट्यावर जीप सोडली आणि अर्धा तास चढून वर पोचले. पाऊस असा आडवा की छत्री दोनदा उलटी झाली आणि माझा चष्मा पाण्याने भरला. अंगणवाडीला कुलूप. वाडीत चिटपाखरू नव्हतं. दाराच्या निळ्या रंगावर कुणीतरी खडूने गिरगटून ठेवलं होतं, एक उभी रेघ आणि वर गोलगोल काहीतरी. पलीकडच्या ओसरीवर ठकाबाबा बसले होते. ते वाडीतले सगळ्यांत म्हातारे, पावसात राखणदार म्हणून मागे ठेवलेले.

मी विचारलं, "बाबा, अंगणवाडी कुठंय?"

"हाय की."

"कुठं हाय?"

"दारावं बगा."

"बघितलं. दारावर कुलूप आहे."

ठकाबाबा तोंडाचं बोळकं पसरून हसले. म्हातारा माझी चेष्टा करतोय असं वाटून मी चिडले आणि तशीच खाली उतरले. अहवालात लिहिलं, 'भेटीच्या वेळी केंद्र बंद. दारावर खडूच्या रेघोट्या, अस्वच्छता.'

आठवड्याने पुन्हा गेले. पुन्हा कुलूप. या वेळी दारावर चार पाय आणि दोन शिंगं. मी लिहिलं, 'केंद्र बंद. रेघोट्या वाढल्या आहेत.' आज ते वाक्य आठवलं की मला एकटीलाच हसू येतं, आणि लाजही वाटते.

लागोपाठ दोन भेटींत केंद्र बंद आढळलं की नोटीस निघते. सेविकेला पगार नसतो, मानधन असतं. तिला कमी करायला फारसा खटाटोप लागत नाही, एक प्रस्ताव आणि एक सही पुरते. एकदा कमी झालेली बाई परत लागत नाही. नोटिशीत लिहिलं होतं, 'सेवेतून कमी का करण्यात येऊ नये, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.' वाडीत फोनला रेंज नाही आणि टपाल पोचायला चार दिवस लागतात, म्हणून तालुक्याचे आमचे साहेब म्हणाले, "तुम्हीच हातोहात द्या आणि पोच घ्या."

तिसऱ्यांदा मी नोटीस पर्समध्ये घालून चढले. कुलूप होतंच. दारावर एक मोठा लांबट गोळा आणि त्यावर ठिपकेच ठिपके. मी नोटीस दाराच्या फटीत सरकवणार होते, पण पोच हवी होती. म्हटलं, बाई शेतात असेल तर शेतात जाऊन देऊ. खाली खाचरांकडे निघाले. कोपरगावच्या बाईने भाताच्या बांधावरून चालू नये, हे मला तिसऱ्या पावलाला कळलं. पाय घसरला आणि मी पर्स वर धरून खाचरात बसले. कमरेपर्यंत चिखल. तिथे बसल्या बसल्या मला प्रार्थना ऐकू आली.

अंगणवाडीचा दिवस ठरलेला असतो. प्रार्थना, मग हात धुणं, मग गाणी, मग खाऊ. तो क्रम मला झोपेतही चुकायचा नाही. पोरं प्रार्थना संपवून "डावा हात, उजवा हात" म्हणायला लागली, तेव्हा मी चिखलातून उठले आणि आवाजाच्या मागे गेले. बांधाच्या वरच्या अंगाला एक घर होतं. घरापुढे एक झाड, झाडाला लटकलेले मोठमोठे फणस. मी थांबले. दारावरचा लांबट गोळा आणि ठिपके आठवले.

घराच्या पडवीत बावीस मुलं ओळीने बसली होती. आढ्याला तीन झोळ्या टांगलेल्या, त्यांत तान्ही पोरं. हौसाबाई सगळ्यांचे हात धुवत होती आणि चंद्रा, तिची मदतनीस, चुलीपाशी होती. पडवीच्या खालीच खाचरात दहा-बारा बाया वाकून भाताची रोपं लावत होत्या, आवणी चालली होती. एक जण मधेच उठून वर आली, हात धुतले, झोळीतलं आपलं बाळ घेऊन पाजायला बसली.

मला बघून हौसाबाई आधी दचकली, मग माझा अवतार बघून तिला हसू आवरेना.

"मॅडम, तुमी पन आवनी केली का काय?"

मी हसले नाही. चिखलाच्या हातानेच पर्स उघडली आणि नोटीस पुढे केली. तिने हात पुसून कागद घेतला, उभ्याउभ्या वाचला. हसू गेलं. पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"बंद? मॅडम, पंधरा वरसांत मी एक दीस बंद ठिवली न्हाई. माझ्या नवऱ्याचा पाय मोडला तवा पन न्हाई."

"मी दोनदा आले. कुलूप होतं."

"कुलूप हुतं, पर दारावं आंबा काढला हुता ना? तवा आमी आंब्याच्या घरी हुतो. मंग गाय काढली हुती. तवा तांबड्या गाईच्या घरी. आज फनस. सापडलं न्हवं आज?"

आज मी घसरून पडले म्हणून सापडलं, हे तिला सांगायची मला हिंमत झाली नाही.

मग तिने जे सांगितलं ते असं. आवणीच्या दिवसांत वाडीत सावड असते. सगळ्यांनी मिळून आज एकाचं शेत लावायचं, उद्या दुसऱ्याचं. बाया उजाडता शेतात जातात, अंधार पडता परततात. अंगणवाडी मात्र दुपारी सुटते. पाच-सहा वर्षांमागे अशीच दुपारी अंगणवाडी सुटली आणि सोनी नावाची चार वर्षांची पोर एकटीच आईला शोधत बांधांवरून निघाली. ओढ्याच्या काठच्या खाचरात छातीपर्यंत रुतली. ठकाबाबांना तिचं रडणं ऐकू आलं म्हणून ती वाचली. ओढा तिथून दहा पावलांवर होता आणि त्या दिवशी तो भरून वाहत होता.

"तवापासून म्या ठरिवलं," हौसाबाई म्हणाली, "पोरांनी आयांकडं जान्यापरीस अंगनवाडीच आयांकडं न्यायची. ज्याची सावड, त्याच्या घरी आमी. बाया शेतातून वर येईस्तोवर पोरं हितंच. वरचा येळ आमी फुकाट करतो, त्याचं मागनं न्हाई."

"पण मग दारावर लिहायचं ना सरळ, अमक्याच्या घरी म्हणून!"

"लिवायचं कसं? निम्म्या बाया वाचत न्हाईत. आन् पानी उडलं की अक्षर पुसतं. एक अक्षर गेलं की सारंच गेलं. चित्राचं तसं न्हाई, अर्धी गाय राहिली तरी गायच कळती. सावडीतल्या बायांना ठावं असतं म्हना. पर शिध्याचा टेम्पोवाला, नर्सबाई, उशिरा येनारं पोर, त्यांना कसं कळनार?"

"आणि त्यांना कळतं?"

"व्हय की. नर्सबाई आंब्याच्या घरी येऊन डोस देऊन गेल्या." मग तिने पुढच्या ओळीतल्या एका शेंबड्या मुलाला विचारलं, "गोट्या, आज दारावं काय हाय रं?"

"फनस!" गोट्या म्हणाला.

टेम्पोवाल्याला कळलं, नर्सला कळलं, गोट्याला कळलं. कळलं नाही ते फक्त मला. गोट्या चार वर्षांचा होता आणि मी पदवीधर.

मी चिखलाची साडी पिळली आणि माझं काम करायला लागले, कारण तेवढंच मला येत होतं. पाण्याच्या हंड्यावर ताट झाकलेलं. चूल मुलांच्या वाटेच्या पलीकडे. पडवीला दार नव्हतं, म्हणून मी लगेच बोट ठेवलं, "हे सुटून खाली गेले तर?" हौसाबाईने एका पोराचा पाय पुढे ओढला. घोट्याला वासराचं घुंगरू बांधलेलं. अशी चार घुंगरं चार वांड पोरांच्या पायांत होती. घुंगरू पायरीपर्यंत वाजलं की चंद्रा मान वर करायची, पायरीच्या खाली वाजलं की उठायची. माझ्या तपासणीच्या तक्त्यात सुरक्षेची तेवीस कलमं होती, त्यांत घुंगरू नव्हतं. आजही नाही.

खिचडी झाली. नोटीस हौसाबाईच्या पदराला खोचलेली होती. मी म्हटलं, "हौसाबाई, मी जाते. खुलासा लिहून द्या."

"आधी जेवा. राग मी जेवल्यावर धरीन."

मी पंगतीला बसले. खडा नव्हता. तिने खरंच मी जेवल्यावर राग धरला. मग ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. माझ्या हातात पोच आणि खुलासा ठेवला आणि चंद्राकडे वळून म्हणाली, "बाईंना बांधावरून नीट न्या. पडतात."

खुलासा दोन ओळींचा होता. 'केंद्र चालू होते. दारावर लिहिले होते.'

राजूरला परत येईपर्यंत मी जीपमध्ये तो कागद किती वेळा वाचला असेल! माझ्या अहवालात 'दारावर खडूच्या रेघोट्या' आणि तिच्या खुलाशात 'दारावर लिहिले होते'. दोन्ही कागद एकाच फायलीत लागणार होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर बसले. साहेब माणूस भला, पण नियमाचा. सगळं ऐकून म्हणाले, "मॅडम, गोष्ट गोड आहे. पण केंद्र नोंदलेल्या जागी नव्हतं, हे खरंच ना? मग 'बंद' बरोबरच आहे."

"साहेब, बावीस मुलं, हात धुतलेली, जेवलेली. याला बंद म्हणायचं?"

"मग दोन अहवालांत तुम्हीच बंद लिहिलंय, त्याचं काय करू?"

मला तो प्रश्न येणार हे माहीत होतं. रात्रभर विचार करून मी एक कागद लिहूनच नेला होता. 'वरील दोन्ही भेटींत केंद्र सुरू होते. ते शोधण्यास मी असमर्थ ठरले. दोन्ही अहवाल रद्द करण्यात यावेत.'

साहेबांनी चष्मा वर केला. "हे फायलीला लागलं तर तुमच्या गोपनीय अहवालात उतरेल. बढतीचं वर्ष आहे तुमचं."

हे खरं होतं आणि मला बढती हवी होती. नाही म्हणणारी बाई खोटं बोलते. मी कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. मग म्हटलं, "लावा साहेब. पण एकदा स्वतः चला."

ते आले, ही त्यांची भलाई. गमबूट घालून चढले. दारावर त्या दिवशी तुरेवाला कोंबडा होता. मी म्हटलं, "वाचा." साहेब बराच वेळ बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "कोंबडा?" ओसरीवरून ठकाबाबा ओरडले, "साहेब शिकल्यालं हायत!" कोंबड्याच्या घरी पोरं सापडली. साहेब पंगतीला बसले, दोनदा खिचडी घेतली आणि जाताना घुंगरू हातात घेऊन वाजवून बघितलं. आठ दिवसांत लेखी आदेश निघाला. आवणीच्या काळात वरच्या वाडीचं केंद्र लाभार्थ्यांच्या सोयीच्या ठिकाणी भरवण्यास हरकत नाही, ठिकाणाची सूचना दारावर लावावी. सूचना चित्राने द्यावी की अक्षराने, हे साहेबांनी शहाणपणाने लिहिलं नाही.

हौसाबाईची नोटीस मागे घेतली गेली. माझी बढती त्या वर्षी गेली, ती पुढे कधी आली नाही. त्याबद्दल मला वाईट वाटतं का? वाटतं, दर महिन्याच्या एक तारखेला थोडंसं. पण दुसऱ्या एका गोष्टीचं जास्त वाटतं. नोकरीच्या सुरुवातीला, सपाट भागातल्या एका वस्तीवर, मी अशाच दोन 'बंद' शेऱ्यांवर एका सेविकेला घरी पाठवलं होतं. तेव्हा तालुक्यात माझं कौतुक झालं होतं. ती बाई ऑफिसात येऊन काहीतरी सांगत होती आणि मी घड्याळ बघत होते. तिच्या दारावर काही होतं का, मला आठवत नाही. मी बघितलंच नव्हतं. तिला कामावरून काढलं ते मी, आणि ते आता भरून येणार नाही. वरच्या वाडीनंतर मात्र कुलूप दिसलं की मी आधी दार वाचायची, मग आजूबाजूच्या चार माणसांना विचारायची, मग लिहायची. त्यामुळे माझ्या भेटी लांबल्या आणि संध्याकाळच्या गाड्या चुकल्या.

हौसाबाईचा राग वर्षभर टिकला. ती बोलायची, पण शेरेबुक पुढे सरकवण्यापुरतं. पुढच्या आवणीला मी दारावर जात्याचं चित्र बघून बरोबर जात्याच्या घरी पोचले, तेव्हा मला बघून ती चंद्राला म्हणाली, "शिकली गं बाई!" आणि स्वतः उठून मला पाणी दिलं. त्या दिवसापासून आमचं जमलं.

निवृत्तीच्या आधीची माझी शेवटची भेट मी वरच्या वाडीला ठेवली. फेब्रुवारीचे दिवस. खाचरं कोरडी, आवणी नाही, सावड नाही. शेवटची भेट म्हणून हौसाबाईला तारीख आधी कळवली होती, सगळ्या नोकरीत पहिल्यांदाच. फाट्यावर न उतरता मी ओळखीच्या एका ड्रायव्हरच्या गाडीने मागच्या नव्या रस्त्याने वर गेले, पाय दुखत होते म्हणून.

अंगणवाडीला कुलूप.

आवणी नसताना कुलूप? कुणाला काही झालं का? दाराजवळ गेले. खडूने ठसठशीत काढलेलं चित्र होतं, दोन वाटोळ्या चकत्या, मधे त्यांना जोडणारी एक बाकदार रेघ आणि शेजारी एक उलटी छत्री. मी डोकं चालवलं. चकत्या म्हणजे जात्याच्या दोन तळ्या असतील. जात्याच्या घरी गेले, कुणी नाही. मग चाकं असतील, म्हणून बैलगाडीवाल्या घरी गेले, तिथेही नाही. फणसाकडे गेले, गाईकडे गेले. गाय होती, पोरं नव्हती. उन्हात तंगडतोड करून शेवटी ठकाबाबांच्या ओसरीशी आले. आता त्यांना दिसतही कमी होतं.

"बाबा, आज कुणाच्या घरी गेलीत पोरं? दारावर दोन चकत्या आणि छत्री आहे."

ठकाबाबा त्याच बोळक्याने हसले. "बाई, चष्मा कुनाच्या नाकावं हाय? छत्री कुनाच्या हातात हाय?"

मी हातातल्या छत्रीकडे बघितलं. कधीतरी आडव्या पावसात उलटी झालेली तिची एक काडी अजून वाकडीच होती.

"समदी फाट्यावं गेल्यात," ठकाबाबा म्हणाले, "तुमाला आनाया. सकाळधरनं."

मी ओसरीवरच बसले. थोड्या वेळाने खालच्या वाटेवरून घुंगरांचा आवाज यायला लागला. आधी चार घुंगरं, मग पोरांचा गलका, त्याच्या वर हौसाबाईचं ओरडणं, "पळू नका रं!" पोरं वळणावर आली, मला बघून क्षणभर थबकली आणि मग पळत सुटली. एकाचंही नाक पुसलेलं नव्हतं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

शेवटचा तक्ता मी तिथेच, ठकाबाबांच्या ओसरीवर भरला. पहिलंच कलम नेहमीचं होतं, 'भेटीच्या वेळी केंद्र सुरू होते काय?' लिहिलं, 'होय.' त्याखाली साहेबांच्या त्या आदेशानंतर वाढवलेलं कलम, 'नोंदलेल्या जागी नसल्यास कोठे?' हौसाबाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. मी लिहिलं, 'माझ्याकडे.'